मिर्झा भावोजींचा गुडघा

कोसागाश, १४ मार्च.
आकाश भरलेलं. वारा वायव्येचा, बेताचा. सकाळी गाईला पाणी पाजलं, गोठा झाडला. दूध आटत चाललं आहे. दुपारी वीज गेली, नंतर आली. शेजारची नुर्गाइशा मीठ मागायला आली आणि गप्पा मारून मीठ न घेताच गेली. दुसरं काही घडलं नाही.

मिर्झा भावोजींना वहिनीचा सलाम.

गुरंढोरं, माणसं खुशाल ना? (तुमच्या करागांडाच्या पाचव्या मजल्यावर गुरं नाहीत हे मला माहीत आहे. पण आधी गुरांची चौकशी आणि मग माणसांची, ही आपली रीत. ती मोडायला मी कोण. मांजर धरून चौकशी करते आहे असं समजा.) माझं बरं चाललं आहे. फोन असताना वहिनीला पत्राचं काय सुचलं, असं तुम्हाला वाटेल. फोनवर मी मुद्द्याला आले की तुम्ही "वहिनी, आवाज तुटतोय" म्हणता, आणि मग तुम्हीच तो तोडता. कागदाला ती सोय नाही.

तुमचा निरोप पोचला. गुडघा धरला आहे, म्हणून मे महिन्यात तुमच्या दादांच्या वर्षाच्या जेवणाला येता येणार नाही. वाचून वाईट वाटलं. गुडघ्याचं नव्हे. काम्शात माझी धाकटी जाऊ असली तरी तिच्या पोटात काही राहत नाही, हे तुम्ही लग्न करतानाच बघायला हवं होतं. ती म्हणाली, "जाऊबाई, गुडघा कुठला? उजवा हात थरथरतोय. खिशात घालून फिरतात. दादांचा होता तोच आजार, डॉक्टरांनी शरदातच सांगितलं. गोळ्या दिल्यात, त्या कपाटात रचून ठेवल्यात." का, तर म्हणे ही गोळी पाचच वर्षं चालते. आत्ता खाऊन टाकली तर पुढे कठीण दिवसांत काय खाणार. आणि तोवर मेंदूत नव्या पेशी लावायची सोय होईलच, तेव्हा थेट तेच करून घेऊ.

भावोजी, तुम्ही खाणीतले इंजिनियर. कोळसा जमिनीत ठेवला तर टिकतो, हे मला मान्य आहे. पण गोळीच्या पाकिटावर तारीख असते.

मला तुमची अडचण कळते. वर्षाच्या जेवणाला मेलेल्याच्या भावाने दारात उभं राहायचं, येईल त्याचा हात दोन्ही हातांत धरायचा, मग थोर पाहुण्यांच्या पंगतीला बसून त्यांच्याबरोबर जेवायचं. अख्खा तालुका हात धरायला येणार आणि घरी जाऊन बोलणार. तुम्ही तर लहानपणापासून नीटनेटके. मी सून म्हणून आले तेव्हा सासरच्या कोणाचं नाव घ्यायचं नाही म्हणून सगळ्यांना नवी नावं द्यावी लागली, त्यात तुम्हाला मी मिर्झा हे नाव दिलं, कारण अंगणात शेण काढतानाही तुमच्या शर्टाला इस्त्री होती. (तुमच्या मधल्या बहिणीला मी काय नाव दिलं होतं ते ती जिवंत असेपर्यंत लिहीत नाही.) अशा माणसाला हात खिशातून काढणं जड जाणारच. म्हणून या आजाराच्या औषधांबद्दल मला जे ठाऊक आहे ते लिहिते. मी डॉक्टर नव्हे. तीस वर्षं हवामान केंद्रावर वाऱ्याची दिशा लिहिली. पण हा वारा घरातच वाहत होता.

सुरुवातीला तुमच्या दादांचा डावा हात चालताना हलेनासा झाला. गावात म्हणू लागले, निवृत्त झाल्यावर याला तोरा आला. स्वतः गुरांचे डॉक्टर, त्यामुळे दुसऱ्या डॉक्टरकडे जाण्याचा प्रश्न नव्हता. आरशासमोर उभे राहून त्यांनी स्वतःला तपासलं आणि खांदा आखडलेल्या घोड्याला लावतात ते मलम लावलं. वास असा होता की आमचा कुत्रा त्यांना ओळखेना. शेवटी मी करागांडाला किम डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तुम्ही त्यांना पाहिलंत, ठेंगण्या, आवाज जाड. त्यांनी यांना बोटं उघडमीट करायला लावली, चालवलं, वळवलं, आणि आजाराचं नाव सांगितलं. मग लेवोडोपाची गोळी. मेंदूत एक रस कमी पडतो, तो ही गोळी भरून काढते, एवढं मला समजलं. तुमच्या दादांनी पाकीट वाचलं आणि म्हणाले, "एवढीशी? शिंगरालासुद्धा पुरणार नाही."

आता मुख्य गोष्ट. आमच्या दाउरेनचं लग्न ठरलं तेव्हा आम्ही दोघं मुलीच्या घरी, डोंगरापलीकडे मुकान व्याह्यांकडे, गेलो होतो. परत आल्यावर आम्ही सगळ्यांना "फार छान पाहुणचार झाला" एवढंच सांगितलं. पाहुणचार झाला हे खरं आहे.

दारातच सुरुवात झाली. या आजारात पाय मधेच जमिनीला चिकटतात, आणि दाराच्या चौकटीत तर हमखास. तुमच्या दादांनी एक पाय आत टाकला आणि दुसरा बाहेर राहिला. उंबऱ्यावर उभं राहणं म्हणजे घराला अपशकुन, तोही मुलाच्या बापाने, पहिल्याच भेटीत. मुकान व्याही म्हणतायत, "या, या, वर बसा." हे उभे. पुन्हा, "या ना." हे उभेच. आतून त्यांच्या म्हाताऱ्या आईचा आवाज आला, "उंबऱ्यात कोण उभं राहिलंय ते? या घरात असं एकच माणूस उभं राहायचं, माझा नवरा, आणि तो पिऊन यायचा." मी मागून यांच्या पाठीला भेटीची पिशवी लावली आणि जरा जोर दिला. पाय सुटले, पण असे सुटले की थांबेनात. बारीक बारीक पावलं टाकत हे व्याह्यांना ओलांडून, विहीणबाईंना ओलांडून, म्हातारीला ओलांडून थेट मानाच्या जागेवर जाऊन आदळले. सलाम कोणालाच झाला नाही. तिथे आधीच बसलेले विहीणबाईंचे ऐंशी वर्षांचे मामा सरकून बसले.

दुसरी अडचण तोंडाची. या आजारात चेहराही आखडतो. माणूस आतून खूश असला तरी वरून काही दिसत नाही. तुमचे दादा मनातून फार खूश होते. मुलगी त्यांना पसंत होती, घर पसंत होतं, तबेल्यातली करड्या रंगाची घोडी तर फारच पसंत होती. पण दिसत होते ते तालुक्याच्या चौकातल्या पुतळ्यासारखे. मेंढ्याचं डोकं वयाप्रमाणे मामांसमोर ठेवलं गेलं, यांच्यापुढे कंबरेचं हाड आलं, जसं यायला हवं तसं. यांनी त्याच्याकडे बघितलं. डोळे मिटले नाहीत, ओठ हलले नाहीत. थोड्या वेळाने विहीणबाईंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. तिथे मुकान व्याही आधीच उभे होते.

"विहीणबाई, खरं सांगा. मुलगी नापसंत आहे का?" व्याह्यांनी मला विचारलं.

मी म्हटलं, फार पसंत आहे. हे अगदी खूश आहेत.

दोघांनी दाराच्या फटीतून बाहेर बघितलं. मग एकमेकांकडे बघितलं. मुकान व्याही हळू आवाजात बायकोला म्हणाले, "हाडाचं मनाला लागलंय. डोकं मामांना गेलं ना. मी म्हणत होतो, मामांना पुढच्या आठवड्यात बोलवू."

तेव्हाच खरं सांगून टाकायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल. पण यांनी घरून निघतानाच बजावलं होतं, लग्न होईपर्यंत आजाराचा शब्द काढायचा नाही, नाहीतर उद्या म्हणतील रक्तात खोट आहे. (ती नाही, हे नंतर किम डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. बहुतेकांना हा आजार बापाकडून येत नाही. तुम्हा दोघा भावांना आला तो योग म्हणायचा.) तेव्हा मी गप्प बसले. संध्याकाळी दुसरा मेंढा कापला, आणि त्याचं डोकं तुमच्या दादांपुढे आलं, एकट्यांपुढे.

आता यांचा औषधाचा प्रकार ऐका. गोळी चारचौघांत घ्यायची नाही, म्हणून यांनी युक्ती काढली. जनावर गोळी थुंकतं म्हणून तिला चरबीत लपवून देतात, तसं हे जेवताजेवता मेंढ्याच्या शेपटीच्या चरबीत गोळी गुंडाळून गिळत होते. कोणाला कळत नव्हतं. गोळीलाही कळत नव्हतं आपण कुठे आलो. वर यजमान हाताने तोंडात घालतायत ते मांस, त्यावर आंबवलेलं घोडीचं दूध. जेवण जितकं मोठं तितके हे ताठ. हे जितके ताठ तितकं पुढचं जेवण मोठं. दुसऱ्या दिवशी दुपारी यांना मानाच्या जागेवरून उठताच येईना, तर मुकान व्याह्यांनी सगळ्यांना सांगितलं, "पाव्हणे उठायला तयार नाहीत. अजून काहीतरी राहिलंय आपल्याकडून." म्हातारी पडल्यापडल्या म्हणाली, "मग शिंगरू कापा. असला मानी व्याही मी जन्मात पाहिला नाही. पोरगी सुखात राहील."

शिंगरू कापलं. मी रात्रभर यांच्या कानात सांगत होते, निघू या. हे पुटपुटले, "शिंगरू सोडून? ते काय म्हणतील?"

तिसऱ्या दिवशी पहाटे सगळे झोपलेले असताना यांनी तहान लागली म्हणून पाणी घेतलं आणि त्याबरोबर गोळी. पोट रिकामं. जरा वेळाने बघते तर अंथरूण मोकळं. तबेल्यात त्या करड्या घोडीचा खूर मांडीवर घेऊन तुमचे दादा बसले होते आणि मुकान व्याह्यांना नाल कुठे चुकला ते दाखवत होते. हसत होते. मुकान व्याह्यांचे डोळे भरून आले. ते आजही मानतात की शिंगराने काम केलं. दर वर्षी सांगतात. मी खोडून काढलेलं नाही.

किम डॉक्टरीणबाईंना मात्र मी सगळं सांगितलं. त्या बराच वेळ खिडकीकडे तोंड करून होत्या, खांदे हलत होते. मग वळून म्हणाल्या, "तोलेगेन अब्दिकानोविच, (नाव त्यांनी घेतलं, मी फक्त लिहिलं) मांस आणि गोळी पोटातून एकाच दाराने आत जातात. मांस अंगाने दांडगं. ते दारात बसलं की गोळी बाहेर उभी."

हे म्हणाले, "म्हणजे गोळीचेही पाय उंबऱ्यात चिकटतात."

"तसंच समजा. सगळ्यांना एवढा त्रास होत नाही, तुम्हाला होतोय. गोळी जेवणाआधी अर्धा तास, नुसत्या पाण्याबरोबर. मांस, दूध, दही रात्रीच्या जेवणाला. दिवसा भाजी, भात, ब्रेड."

यांनी विचारलं, "मी किती वर्षं काढेन?"

"नीट राहिलात तर पुष्कळ. वीस म्हणा."

"दिवसा मांसाशिवाय?"

"दिवसा मांसाशिवाय."

"मग ती दहाच झाली," हे म्हणाले.

गावात काय झालं ते विचारू नका. भर दुपारी लोक आले की हे उकडलेलं गाजर खाताना दिसायचे. आठवड्याच्या आत सगळीकडे झालं की आमची गुरं मेली, आमच्या घरात आता काही राहिलं नाही. नुर्गाइशा अंधार पडल्यावर शालीखाली मेंढ्याची तंगडी लपवून घेऊन आली आणि म्हणाली, "ठेव, कोणाला सांगणार नाही." (सगळ्यांना सांगितलं.) ती तंगडी यांनी रात्री नियमाने खाल्ली. उंबऱ्यांचा उपाय डॉक्टरीणबाईंच्याच मदतनिसाने सांगितला. जमिनीवर आडव्या रंगीत पट्ट्या चिकटवायच्या. नुसत्या जमिनीवर चिकटलेला पाय पट्टी ओलांडायला मात्र उचलला जातो. का, ते कोणी मला पटेल असं सांगितलं नाही, पण उचलला जातो. आमच्या घरात दारोदार लाल पट्ट्या लागल्या. मुल्ला आले ते बुचकळ्यात पडून पहिल्या पट्टीशीच थांबले. आधी गावात एक माणूस दारात थांबत होता, आता सगळे थांबायला लागले.

लग्नात उलटं झालं. पुन्हा पुतळा व्हायला नको म्हणून यांनी बाजारातून एक पूड आणली, हिंदुस्थानातल्या कुठल्याशा खाजऱ्या शेंगेच्या बियांची. विकणारा म्हणाला, ही नैसर्गिक आहे, हिचा काही त्रास नाही. त्या बियांत गोळीतलंच औषध असतं हे त्याने सांगितलं नाही, आणि यांनी गोळ्या घेऊन वर ती पूडही घेतली. वरातीच्या वेळेला यांचं अंग आपोआप हलू लागलं. खांदा एकीकडे, मान दुसरीकडे, पाय तिसरीकडे. औषध जास्त झालं की असं होतं. दोंब्रा वाजवणाऱ्याने ते बघितलं आणि तारांवर ताल धरला. ताल यांना थांबवेना आणि हे तालाला थांबवेनात. मुकान व्याही समोर येऊन नाचू लागले, मामा नाचू लागले. म्हातारीला खुर्चीसकट मधे आणलं. ती म्हणाली, "बघा, शिंगरू अजून काम करतंय." घरी आल्यावर मी पूड कोंबड्यांच्या खुराड्यामागे पुरली. नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी, असं आमच्या घरात पुन्हा कोणी बोललं नाही.

नंतर आजार पुढे गेला तशी दुसरी एक गोळी जोडली. ती चांगली होती, पण काहींना तिने नाद लागतो, कोणाला जुगाराचा, कोणाला खरेदीचा, असं डॉक्टरीणबाईंनी आधीच बजावलं होतं. महिन्याने त्यांनी फोनवर विचारलं, "कसला नवा नाद वगैरे?" हे म्हणाले, "नाही, छे." त्याच वेळी खिडकीतून उंट ओरडला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ते काय होतं?" हे म्हणाले, "दूरदर्शन." मी फोन हातातून घेतला आणि सांगितलं, दोन आहेत, तिसरा वाटेवर आहे. ती गोळी हळूहळू कमी करून बंद झाली. (एकदम बंद करायची नसते, कुठलीच. हे लक्षात ठेवा.) उंट तुमच्या मधल्या बहिणीकडे गेले. तिला मी उंट द्यायचं आधीपासून ठरवलं होतं असं तिला वाटतं.

अस्तानाचं ऑपरेशन तुम्हाला माहीत आहे, तुम्हीच स्टेशनवर सोडायला आला होतात. पण आत काय झालं ते तुम्हाला ठाऊक नाही, यांनी मला शपथ घातली होती. आता शपथ सुटली. मेंदूत बारीक तारा घालतात आणि छातीत कातडीखाली एक यंत्र, ते तारांतून वीज सोडतं. तारा घालताना माणूस जागा ठेवतात, बोलायला लावतात, म्हणजे तार नको तिथे गेली तर कळतं. सर्जन तरुण होता. म्हणाला, "काका, काहीही बोला, पाठ असेल ते." यांना पाठ काय, सात पिढ्यांची नावं. बाप, आजा, पणजा असं म्हणत पाचव्या नावाला आले तर सर्जन थांबला.

"कुठले म्हणालात?"

यांनी गाव सांगितलं.

"बाईमुरात नावाचा तो? त्याला धाकटा भाऊ होता का, एका डोळ्याचा?"

"होता. भांडून उत्तरेला गेला."

"आम्ही त्याचे," सर्जन म्हणाला.

डोकं उघडं. नर्स म्हणाली, डॉक्टर, तार. सर्जन म्हणाला, एक मिनिट, हे माझे काका लागतात. मग हात न थांबवता दोघांनी पाचव्या पिढीतलं भांडण मिटवलं. कुरणावरून होतं. यांचं म्हणणं, त्याला डोक्याला हात लावू दिला तेव्हाच आपण कुरण सोडलं. महिन्याने तो सर्जन बायकामुलांसकट, मेंढा घेऊन, काकांकडे राहायला आला. जाताना यंत्राची मात्राही लावून गेला.

त्या यंत्राला चार्जिंग लागतं. छातीवर चकती ठेवून बसायचं. आपल्याकडे हिवाळ्यात वीज जाते, तेव्हा नुर्गाइशाच्या जावयाचा जनरेटर सुरू व्हायचा आणि आधी तुमचे दादा चार्ज व्हायचे, मग गावाचे फोन. थरथर जवळजवळ गेली. गोळ्या कमी झाल्या. स्वतः दाढी केली, स्वतः बटणं लावली. घोड्याच्या दातांत हात घालण्याइतके हात परत आले. पुष्कळ वर्षं. बरे झाले नाहीत, भावोजी, आणि बरं करतो असं कोणी म्हणालंही नव्हतं. पुढे आवाज बारीक झाला, गिळायला वेळ लागू लागला, आणि मागच्या वसंतात छातीत कफ झाला आणि चार दिवसांत ते गेले. शेवटच्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतःच्या हाताने चहा घेतला. पेला भरलेला होता. सांडला नाही.

मी मागच्या आठवड्यात किम डॉक्टरीणबाईंना फोन करून तुमच्या पाच वर्षांबद्दल विचारलं. (तुमचं नाव घेतलं नाही. रीतीप्रमाणे घेता आलंही नसतं.) त्या म्हणाल्या, "गोळी थकत नाही. आजार पुढे सरकतो म्हणून मात्रा बदलावी लागते. गोळी कपाटात ठेवली म्हणून मेंदू ताजा राहत नाही, माणूस फक्त ताठ राहतो. दिराला सांगा, गोळी घ्या आणि रोज दमेपर्यंत चाला." पेशींचंही विचारलं. परदेशांत काही ठिकाणी चालू आहे, आशा आहे, पण किती टिकतं आणि कोणाला लागू पडतं ते बघायचं बाकी आहे. त्वचेखालून दिवसभर औषध सोडणारा पंप आहे. कवटी न उघडता ध्वनिलहरींनी थरथर कमी करायची रीतही आहे. जो कोणी आत्ताच हमखास बरं करतो म्हणेल, त्याच्या दारातूनच परत फिरायचं. तुमच्या दादांना पेशी पेरण्याचं कोणी सांगितलं तेव्हा ते म्हणाले होते, "पेरा. माझं नांगरून झालंय." पण पेरणीची वाट बघत त्यांनी चालणं थांबवलं नाही.

आणखी लिहीत नाही. काम्शातला आशीर्वाद. तुम्हाला काय म्हणायचं ते गुडघ्याने कळवू नका, स्वतः कळवा.

तुमची वहिनी,
शोल्पान

ता. क. सोबत मेंढीच्या लोकरीचा गुडघ्याचा पट्टा पाठवते आहे. दुखत नसला तरी बांधून या. गावात सगळ्यांना गुडघाच सांगितला आहे.

ता. क. २. काम्शातने मला काही सांगितलेलं नाही. ती उलट म्हणाली की तुमची तब्येत उत्तम आहे.

ता. क. ३. माझं बरं चाललं आहे असं वर लिहिलं, ते तसं नाही. जेवणाच्या दिवशी दाउरेन दारात उभा राहील, पण तो मुलगा आहे. बापासाठी मुलगा उभा राहतो, भावासाठी भाऊच लागतो. बाईने तिथे उभं राहायचं नसतं, नाहीतर मी राहिले असते. म्हणून एक करून बसले आहे. जेवण दुपारचं नव्हे, संध्याकाळी ठेवलं आहे, दिवस कलल्यावर. म्हणजे लोक येतील तेव्हा तुमची गोळी अंगात असेल आणि मांस रात्रीच पोटात जाईल. सगळे चिडले आहेत. मुकान व्याही म्हणाले, वर्षाचं जेवण आणि संध्याकाळी? मी सांगितलं, त्या दिवशी दुपारी फार ऊन असणार आहे. मे महिन्यात कोसागाशला ऊन कुठलं. पण हवामान केंद्रावरच्या बाईला उलट कोण विचारणार.

ता. क. ४. हात थरथरला तरी काही बिघडत नाही. आपण दोन्ही हातांनी धरतो, समोरचाही दोन्ही हातांनी धरतो. चारांत कोणाचा थरथरतो आहे ते कळत नाही. तुमच्या दादांनी ऑपरेशनाआधीची सगळी वर्षं असंच भागवलं. मी शेजारून बघत असे. समोरच्याला वाटायचं आपलाच थरथरतोय, आणि तो जास्त घट्ट धरायचा.

आता पाकीट बंद करते. छपरावरचा बर्फ ओढायचा राहिला आहे, उजेड आहे तोवर आटोपते. शिडीच्या पायांशी दोन विटा लावल्या की धरायला कोणी नसलं तरी ती सरकत नाही.